विनरेट की गुण: ऑनलाइन गो-डावांच्या एआय विश्लेषणाची पार्श्वभूमी

गो हा काळ्या-पांढऱ्या सोंगट्यांनी पटावर प्रदेश वेढण्याचा खेळ. ऑनलाइन डाव संपला की पटाशेजारी वरखाली जाणारी एक रेषा दिसते आणि खेळाडू तिच्यात आपली चूक शोधू लागतो. ही रेषा बहुतेक ठिकाणी जिंकण्याची टक्केवारी, म्हणजे विनरेट दाखवते. टक्केवारीच का, याचं उत्तर इंजिनांच्या, म्हणजे गो खेळणाऱ्या प्रोग्रामांच्या, इतिहासात आहे. शिकणाऱ्याच्या गरजेचा त्यात फारसा विचार झालेला नाही.

२००६च्या सुमारास गो-प्रोग्राममध्ये माँटे कार्लो शोधपद्धती आली. एखाद्या स्थितीपासून शेवटपर्यंत हजारो डाव यदृच्छया खेळायचे आणि त्यातले किती जिंकले ते मोजायचं, ही तिची रीत. अर्ध्या गुणाने जिंकणं आणि चाळीस गुणांनी जिंकणं तिच्या लेखी सारखंच. त्यामुळे पुढे असलेला प्रोग्राम बिनदिक्कत गुण सोडत जाई. २००८मध्ये नऊ हँडिकॅप (सुरुवातीलाच पटावर मिळणाऱ्या जादा सोंगट्या) आणि २०१२मध्ये चार हँडिकॅप घेऊन प्रोग्रामांनी व्यावसायिक खेळाडूंना हरवलं खरं, पण त्यांच्याकडून आपला डाव तपासून घ्यावा अशी ताकद तेव्हा नव्हती.

मार्च २०१६मध्ये सोलला अल्फागो या प्रोग्रामने ली सेडोल या कोरियन व्यावसायिकावर ४-१ असा विजय मिळवला. एकमेव हार झाली ती चौथ्या डावात. मानवी खेळाडूच्या ७८व्या चालीनंतरही प्रोग्राम स्वतःला सुमारे ७० टक्के देत होता आणि ८७व्या चालीच्या आसपास त्याचा अंदाज कोसळला, असं डावानंतर जाहीर झालं. टक्केवारीच्या घसरणीवरून चूक हेरण्याची सवय इथून रुजली. अल्फागो सामान्य खेळाडूच्या हाती मात्र कधीच आला नाही. ऑक्टोबर २०१७मध्ये मानवी डावांशिवाय शिकणाऱ्या आवृत्तीचा शोधनिबंध आला. त्यावर बेतलेला, स्वयंसेवकांच्या ग्राफिक्स कार्डांवर वाढलेला लीला झीरो हा मुक्त प्रोग्राम लगोलग सुरू झाला. २०१८मध्ये लिझीसारख्या इंटरफेसमुळे घरी विश्लेषण करता येऊ लागलं. खेळण्याच्या संकेतस्थळांवर रिव्ह्यूची सोय आली ती त्यानंतर.

पहिली मोठी अडचण कोमीची, म्हणजे काळा आधी खेळतो म्हणून पांढऱ्याला मिळणाऱ्या जादा गुणांची, होती. लीला झीरोला एकच कोमी माहीत होती: चिनी नियम आणि ७.५. ऑनलाइन डाव मात्र अनेकदा जपानी नियमांनी, ६.५ कोमीवर चालत. समजा काळ्याचा प्रदेश ७ गुणांनी जास्त आहे, सेकी (कोणालाच मारता न येणारे, एकमेकांत अडकलेले गट) नाही आणि दोघांनी सारख्याच चाली खेळल्या आहेत. जपानी मोजणीत काळा अर्ध्या गुणाने जिंकला. चिनी मोजणीत पटावरच्या सोंगट्याही धरतात, तरी फरक ७च येतो, पण ७.५ वजा केल्यावर पांढरा अर्ध्या गुणाने जिंकतो. म्हणजे काळ्याने जिंकलेल्या डावाचा आलेख शेवटी पांढऱ्याच्या बाजूने जवळजवळ शंभरावर जाऊन बसायचा. हँडिकॅपच्या डावांत तर हाल विचारू नका. पहिल्या चालीपासून काळा ९९ टक्क्यांच्या वर, रेषा सपाट, आणि दहा गुणांची चूकही तिच्यावर उमटत नसे. निम्म्याहून अधिक डावभर रिव्ह्यूतून काहीच हाती लागत नसे.

२०१९मध्ये आलेल्या काटागो या प्रोग्रामने हे मुळातून बदललं. कोमी आणि नियम हे त्याच्या नेटवर्कला (डावांतून शिकून स्थितीचा अंदाज देणाऱ्या भागाला) दिल्या जाणाऱ्या माहितीचाच भाग झाले. शिवाय अपेक्षित गुणफरक आणि पटावरची प्रत्येक जागा शेवटी कोणाची, याचा अंदाजही मिळू लागला. २०२०पासून जपानी पद्धतीची प्रदेश-मोजणीही त्यात आली.

इथे संकेतस्थळांनी घेतलेला एक निर्णय आजही खटकतो. सर्व्हरवरचं गणित फुकट होत नाही: २५० चालींचा डाव, प्रत्येक स्थितीला १००० व्हिजिट (शोधातल्या पायऱ्या), म्हणजे नेटवर्कला विचारलेले प्रश्न अडीच लाखांच्या घरात. म्हणून पैसे न भरणाऱ्याला फक्त मोजक्या, सहसा तीन, मोठ्या चुका दाखवायच्या अशी पद्धत पडली. खर्चाचा मुद्दा मान्य. पण ‘मोठी’ चूक ठरवताना विनरेटचा फरक धरला, तर निवड हमखास फसते. तीस गुणांनी पुढे असताना बारा गुण घालवले तरी टक्केवारी जेमतेम हलते, त्यामुळे ती चूक यादीत येत नाही. उलट अटीतटीच्या डावात शेवटच्या टप्प्यातली एका गुणाची चूक निकाल फिरवते आणि यादीत पहिली येते. नवशिक्याला साठाव्या चालीला मेलेला गट समजायला हवा. त्याला दाखवली जाते २२०वी चाल. शिवाय ही टक्केवारी इंजिन स्वतःशीच पुढे खेळलं तर काय होईल याची असते. सुरुवातीला दोन गुण घालवणं इंजिनाला महागात पडतं. दहा क्यूच्या (क्यू म्हणजे शिकाऊ खेळाडूंचे दर्जे) दोन खेळाडूंमध्ये तेवढ्याने काहीच ठरत नाही. जिथे आलेख गुणांवर नेता येतो, तिथे तो आधी नेऊन घ्यावा.

कमी व्हिजिटच्या झटपट रिव्ह्यूत लांब लॅडर (पटभर चालणारा जिन्यासारखा पाठलाग), गटांमधली स्वातंत्र्यांची (गटाला लागून असलेल्या रिकाम्या जागांची) शर्यत आणि अनेक को (एकच सोंगटी आळीपाळीने पकडता येणाऱ्या जागा) असलेल्या स्थिती चुकीच्या वाचल्या जातात. सलग दोन-तीन चालींवर रेषा करवतीसारखी दिसली, तर त्या स्थिती जास्त व्हिजिट देऊन पुन्हा तपासाव्यात. एसजीएफ फाइल (डावाची नोंद) बाहेरून चढवलेली असेल, तर आधी कोमी आणि नियमांची नोंद पाहावी. कोमीच्या जागी शून्य राहिलेली फाइल पूर्ण आलेख एका बाजूला झुकवते.

डाव चालू असताना विश्लेषण बंद ठेवण्याचा नियम जवळपास सगळीकडे आहे. त्याचीच दुसरी बाजू म्हणून एआयशी जुळणाऱ्या चाली मोजून फसवणूक शोधली जाते. सुरुवातीच्या पाठ जोसेकीत (कोपऱ्यातल्या ठरलेल्या चालींत) जुळणी जास्तच असणार, त्यामुळे मधल्या डावातला पुरावाच वजनाचा.

२०२२च्या अखेरीस काटागोचीही एक कमजोरी उघडी पडली. वर्तुळासारखा बंद झालेला त्याचा गट वेढला जात असताना तो धोका ओळखत नव्हता. २०२३मध्ये एका हौशी खेळाडूने हीच युक्ती वापरून १५पैकी १४ डाव जिंकले. पुढच्या नेटवर्कांना अशा स्थितींचा सराव दिला गेला, पण जुनं नेटवर्क वापरणाऱ्या रिव्ह्यूत असा गट दिसला तर आकड्यावर विसंबू नये. २०२४मध्ये मानवी डावांवर शिकलेलं, विशिष्ट दर्जाचा खेळाडू काय खेळेल हे सांगणारं नेटवर्क काटागोसोबत आलं. एखाद्या चालीत किती गुण गेले आणि पाच क्यूच्या खेळाडूला ती सुचली असती का, हे दोन्ही आता एकाच स्थितीवर शेजारी-शेजारी पाहता येतं.