डोंगराला जाण्याआधी : आमच्याबरोबर येणाऱ्यांसाठी दोन पानं

नाव नोंदवायला फोन येतो तेव्हा पहिला प्रश्न ठरलेला असतो. "गोव्यातलं सगळ्यात उंच शिखर कुठलं? तुम्ही तिथे नेता का?" सगळ्यात उंच तो सत्तरी तालुक्यातला सोसोगड, कागदोपत्री सोंसोगोर. त्याची उंची काही ठिकाणी १,१६७ मीटर छापलेली आढळते, काही ठिकाणी १,०२६. या वादात आम्ही पडत नाही. डोंगर समुद्रसपाटीपासून किती उंच आहे हे नकाशाला कळतं, पायांना कळतो तो फक्त चढ.

उदाहरण घ्या. महाराष्ट्रातलं कळसूबाई १,६४६ मीटर आहे, पण त्याच्या पायथ्याचं बारी गावच मुळात बऱ्याच उंचीवर वसलेलं. सत्तरीत मात्र गाडीतून उतरता तेव्हा तुम्ही जवळजवळ समुद्राच्या पातळीला असता आणि तिथून मीटर न् मीटर स्वतःच्या पायाने चढायचा असतो. त्यात दमट हवा. पुण्याकडचे सरावलेले भटकेही आमच्या रानात पहिल्या तासातच शर्ट पिळून काढतात. म्हणून हे पत्रक. सहलीच्या आदल्या रात्री घाईत चाळू नका, बरेच दिवस आधी वाचा.

दिवस शेवटाकडून मांडायचा

आमची पद्धत साधी आहे. आधी परतीची वेळ ठरवतो, मग बाकीचं. डिसेंबरात गोव्यात सूर्य सहाच्या सुमाराला मावळतो, पण किंदळ-माट्टीच्या दाट रानात पाचलाच पायाखालचे दगड दिसेनासे होतात. त्यामुळे चार वाजता सगळे गाडीपाशी. त्यातून उतरायचे तास वजा केले, जेवणाचा अर्धा-पाऊण तास वजा केला, की उरते ती 'माघारीची वेळ'. बहुतेक सहलींत ती साडेअकरा ते बाराच्या दरम्यान येते. त्या क्षणी माथा समोर दिसत असो वा नसो, वाटाड्या वळतो, आणि त्याच्यामागे सगळे वळतात. नोंदणी करताना तुम्ही ज्या अटी मान्य करता, त्यांतली ही सगळ्यात महत्त्वाची. "एवढं आलोय तर अजून वीस मिनिटं" हे वाक्य आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता त्यावर हसतो, पण ऐकत नाही.

चालायला किती वेळ लागेल याचा एक जुना ठोकताळा आहे. विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाने तो १८९२ साली मांडला : दर पाच किलोमीटरला एक तास, आणि दर सहाशे मीटर चढाला वर एक तास. म्हणजे जाऊन-येऊन आठ किलोमीटर आणि सहाशे मीटर चढ असेल, तर अडीच तासांच्या थोडं पुढे. हे स्कॉटलंडच्या थंड हवेतल्या दमदार माणसाचं गणित. आपल्याकडे आम्ही त्याची सरळ दुप्पट करतो, पाच तास धरतो, आणि गटात कुणी वर्षभर जिनाही न चढलेला असेल तर सहा. नोंदणीच्या वेळी आम्ही तुमच्या गुडघ्यांची चौकशी करतो ती याचसाठी. खोटं सांगू नका, लाजू तर मुळीच नका.

निघायची वेळ पहाटेची असते, त्यावर दरवेळी कुरकुर होते. कारण ऐका. सह्याद्रीची भिंत आपल्या पूर्वेला आहे. सकाळी सूर्य तिच्यावरून वर यायला वेळ लागतो, त्यामुळे आपल्या बाजूचे पश्चिमेकडचे उतार बराच वेळ सावलीत असतात. साडेसहाला चढायला लागलात तर अवघड चढ सावलीत निघून जातो. साडेआठला लागलात तर तोच चढ उन्हात, आणि मग पाणी अर्ध्या वाटेत संपतं. पणजीहून वाळपई पन्नास किलोमीटरच्या आत आहे, पण पुढचा रस्ता वळणावळणाचा, म्हणून गाडी पाचला सुटते. चहा साखळीला.

कुठे, कधी

पहिल्यांदाच येत असाल तर आम्ही केप्याजवळच्या पारोड्याचा चंद्रनाथ सुचवतो. उंची साडेतीनशे मीटरच्या आसपास, वर चंद्रेश्वर भूतनाथाचं देऊळ. देवळाजवळपर्यंत गाडीरस्ता आहे म्हणून काहींना ही सहल कमी दर्जाची वाटते. आम्हाला नाही वाटत. पायथ्यापासून चालत गेलात तर घाम पुरेसा येतो, वरून कुशावतीचं खोरं दिसतं, आणि कुणाचा पाय मुरगळला तर गाडी हाताशी असते. भर पावसात मात्र पारोड्याचा रस्ताच पाण्याखाली जातो, तेव्हा ही सहल आम्ही ठेवत नाही.

वाघेरी आणि मोर्लेचा डोंगर हे दुसऱ्या पायरीचे. दोन्ही सत्तरीत, दोन्हींवर माथ्यापेक्षा अंगाखांद्यावरून फिरण्यातच खरी मजा आहे, असं आमचं प्रामाणिक मत. माथ्यावर गवत, वारा आणि फोटो. खालच्या अंगाला झरे, शेकरूची घरटी, आणि नशीब असेल तर धनेशाच्या पंखांचा तो दमदार आवाज. कारवी फुलण्याचं वर्ष असेल तर विचारूच नका. तिला फुलायला सातेक वर्षं लागतात, तेव्हा एक हंगाम चुकला की पोर शाळेतून कॉलेजात जातं.

सोसोगडाला आम्ही फक्त आधी आमच्याबरोबर एकदा तरी चाललेल्यांना नेतो, आणि तेही परवानगी मिळाली तरच.

दूधसागराबद्दल खूप विचारणा होते म्हणून एवढंच : ३१० मीटरचा तो धबधबा पाहायला कुळ्याहून रीतसर जीपने जा. रुळांवरून चालत जाणं हा रेल्वे कायद्यान्वये गुन्हा आहे. जुलै २०२३ मध्ये अशा शेकडो जणांना रेल्वे पोलिसांनी रुळांशेजारी उठाबशा काढायला लावल्या होत्या. आम्ही ती वाट दाखवत नाही, कितीही पैसे दिले तरी.

महिन्यांचं म्हणाल तर नोव्हेंबरचा मध्य ते फेब्रुवारी. जून ते सप्टेंबर ओढे अर्ध्या तासात छातीपर्यंत चढतात आणि जांभ्यावरचं शेवाळ साबणासारखं होतं. पावसातल्या सहली आम्ही करतो, पण ओढा ओलांडावा न लागणाऱ्या वाटांवरच. मार्चपासून आगीची भीती. मार्च २०२३ मध्ये म्हादई अभयारण्यात दिवसच्या दिवस वणवे पेटले, विझवायला नौदलाची हेलिकॉप्टरं आणावी लागली. तेव्हापासून रानात शिरण्याचे नियम कडक झाले आणि ते योग्यच झालं. अभयारण्यात पाऊल टाकायला वनखात्याची परवानगी लागते. ती आम्ही काढतो. त्यासाठी तुमच्या ओळखपत्राची प्रत आठ दिवस आधी हवी, आदल्या संध्याकाळी व्हॉट्सॲपवर पाठवलेली चालत नाही. बिडी-सिगारेट, काडेपेटी, चूल, काहीही नाही.

आणि काजूच्या हंगामात येणाऱ्यांसाठी : हुर्राक, म्हणजे काजूची दारू, डोंगर उतरल्यावरच. चढण्याआधी एक घोटही नाही.

गोचिडी, जळवा आणि इतर मंडळी

लोक वाघाला घाबरतात. म्हादईच्या रानात वाघ आहेत, हे जानेवारी २०२० मध्ये गोळावलीला चार वाघ मेलेले सापडले तेव्हा सगळ्या गोव्याला फार वाईट रीतीने कळलं. पण तुमच्या आवाजाने वाघ कधीच दूर गेलेला असतो. आम्ही जपतो ते गव्यापासून, विशेषतः एकट्या नरापासून. दिसला की थांबायचं, गप्प राहायचं, त्याला वाट मोकळी ठेवायची. मोबाइल काढून चार पावलं पुढे जायचं नाही.

सगळ्यात बारीक प्राणी सगळ्यात त्रासाचा. माकडताप, म्हणजे क्यासनूर फॉरेस्ट डिसीज, सत्तरीत २०१५ मध्ये पाली गावात पसरला होता. रानातल्या गोचिडीच्या बारीक पिल्लांच्या चाव्याने तो होतो, आणि डिसेंबर ते मे हा त्यांचा काळ. म्हणून लांब पँट, पायमोज्यांत खोचलेली. पूर्ण बाह्यांचा फिकट रंगाचा शर्ट, म्हणजे चढणारी गोचीड दिसते. पाचोळ्यावर बूड टेकायचं नाही, बसायला आम्ही चटई आणतो. मेलेलं माकड दिसलं तर जवळ न जाता वाटाड्याला सांगा. घरी पोचल्यावर कपडे गरम पाण्यात, आणि आंघोळ करताना काखा, कंबर, गुडघ्यामागची खाच नीट तपासा. पुढच्या आठ-दहा दिवसांत कडक ताप आला तर डॉक्टरांना "सत्तरीच्या रानात जाऊन आलो" हे आपणहून सांगा. हे एक वाक्य निदान पुष्कळ सोपं करतं.

जळवांचं नुसतं नाव भयंकर. नखाने बाजूला सरकवली की सुटते, ओढायची नाही. रक्त थोडा वेळ वाहतं, घाबरू नका.

पिशवीत काय

माणशी तीन लिटर पाणी, उन्हाळ्याकडे झुकलेल्या दिवसांत चार. यात सूट नाही, गाडीपाशी बाटल्या मोजतो. सोलकढी आणू नका, उन्हात नासते. त्याऐवजी सोलांचं आगळ छोट्या बाटलीत घ्या आणि पाण्यात घाला. मीठ त्यात असतंच, घामाने गेलेलं भरून निघतं. दुकानातल्या रंगीत पावडरींपेक्षा हे आम्हाला सरस वाटतं, आणि आजीला तर नक्कीच. जेवायला सुकी भाजी भरलेले उंडे (गोल पाव) किंवा पोळ्या, सोबत चणे-गूळ. केळ्याची सालंसुद्धा परत आणायची.

बूट घोट्यावर येणारे, खाचा असलेल्या तळव्याचे, आणि वापरलेले. नवेकोरे बूट घालून आलेल्या एका पाहुण्याला आमच्या दोघा पोरांनी शेवटचे दोन किलोमीटर आळीपाळीने आधार देत आणलं होतं. बॅटरी (टॉर्च) प्रत्येकाकडे हवी, दिवसाची सहल असली तरी.

मोबाइलला रानात रेंज नसते. १०८ रुग्णवाहिका गाडीरस्त्यापर्यंत येते, तिथवर आणणं आमच्यावर. सगळ्यात जवळचा दवाखाना वाळपईला, मोठं प्रकरण असेल तर बांबोळीला गोमेकॉ, म्हणजे गोवा मेडिकल कॉलेजचं इस्पितळ. साप चावला तर चिरा, दोरी, मंत्र काही नाही, हातपाय न हलवता थेट दवाखाना.

गाव आणि देवाची राय

वाटा गावांतून जातात, त्या गावांच्या आहेत. नानोडे-बांबरची निरंकाराची राय, म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान, पाहायला सगळ्यांना आवडतं, पण तिथे पान तोडायचं नाही, काठी मोडायची नाही, आवाज चढवायचा नाही. आमचे वाटाड्ये त्याच गावांतले आहेत. चढण्याआधी त्यांच्यातला एखादा राखणदाराला, म्हणजे गावाची राखण करणाऱ्या देवाला, नारळ ठेवून गाऱ्हाणं घालतो. तुम्ही मानत असाल-नसाल, तेवढी दोन मिनिटं गप्प उभे राहा. शिगम्याच्या दिवसांत गावात कुणाला वेळ नसतो, म्हणून त्या आठवड्यात सहली बंद.

गट जास्तीत जास्त दहा जणांचा, दोन वाटाड्ये, एक पुढे आणि एक सगळ्यात मागे. बारा वर्षांखालच्या मुलांना चंद्रनाथ चालेल, पुढचं नाही. पावसामुळे किंवा परवानगी न मिळाल्यामुळे आम्ही सहल रद्द केली तर पूर्ण पैसे परत. माघारीच्या वेळेला माथा गाठता आला नाही म्हणून मात्र पैसे परत मिळत नाहीत. पावती फाडताना हे आम्ही तोंडीही सांगतो.