रिकाम्या पिस्तुलाचा खटका : ड्राय फायरच्या भीतीमागचा इतिहास

कोल्हापुरात मुलाला नेमबाजीच्या क्लासला घातलं की सुरुवातीला पालकांची एक तक्रार ठरलेली असते : गोळी कधी मारायला देणार? पोरगं आपलं हात सरळ धरून उभं. नेम धरायचा, ट्रिगर दाबायचा, टक् आवाज ऐकायचा, हात खाली घ्यायचा आणि पुन्हा पहिल्यापासून. गोळी न भरता केलेल्या या सरावालाच ड्राय प्रॅक्टिस म्हणतात आणि असा रिकामा खटका वाजवण्याला ड्राय फायर. या जिल्ह्यात घरटी नाही तरी गल्लीत एखादा माजी सैनिक निघतोच, शिरोळ तालुक्यातल्या गावाचं तर नावच सैनिक टाकळी. त्यामुळं दुसरी तक्रार यायलाही वेळ लागत नाही. "रिकामा घोडा पाडू नको रं, पिन तुटंल." (घोडा म्हणजे ट्रिगर दाबला की आपटणारी हातोडी, पिन म्हणजे काडतुसाला ठोकणारं बारीक टोक.) त्यावर प्रशिक्षकाचं उत्तरही तयार असतं : आताच्या पिस्तुलाला काही होत नाही.

दोघांचंही बरोबर आहे. फक्त दोघं वेगवेगळ्या हत्यारांबद्दल बोलत असतात. 'काही होतं' आणि 'काही होत नाही' या दोन्ही समजुती आपापल्या काळातल्या यंत्ररचनेतून आल्या. ती रचना मागं पडली, समजुती तेवढ्या उरल्या.

तोड्याच्या बंदुकीच्या काळात हा प्रश्नच नव्हता. जळती वात दारूवर टेकवायची, की झालं. वात न पेटवता खटका कितीही ओढला तरी झिजणार काय? चकमकीची बंदूक आली तेव्हा पहिल्यांदा दगड पोलादावर आपटू लागला, आणि प्रत्येक सरावात गारेची धार जाऊ लागली. मग कवायतीच्या वेळी गारेच्या जागी लाकडाचा तुकडा बसवायची पद्धत निघाली.

खरी अडचण सुरू झाली ती टोपीच्या बंदुकीपासून. या ठासणीच्या बंदुकीत नळीच्या मागच्या बाजूला एक छोटी पोकळ बोंडी असते, तिला निपल म्हणतात. तिच्यावर तांब्याची टोपी बसवायची. घोडा टोपीवर आपटला की ठिणगी बोंडीच्या भोकातून आत जाते आणि दारू पेटते. टोपी न लावता घोडा पाडला तर पोलाद थेट पोलादावर बसतं. छिन्नीचं डोकं हातोड्याखाली फुलतं तशी बोंडीची कड फुलत जाते. मग टोपी नीट बसत नाही आणि ऐन वेळी बार फुसका जातो.

ब्रिटिश लष्कराला हे माहीत होतं. म्हणून १८५३ च्या एनफिल्ड रायफलीबरोबर बोंडीवर बसवायचं एक आवरण शिपायाला मिळायचं. ते हरवू नये म्हणून छोट्या साखळीनं बंदुकीलाच अडकवलेलं असे. त्याच १८५३ साली इंग्लंडमध्ये हाइथ इथं नेमबाजीची लष्करी शाळा निघाली. तिथल्या शिक्षणात गोळीबाराच्या आधीचे धडे भरपूर होते : उभं कसं राहायचं, नेम कसा धरायचा, खटका कसा ओढायचा. त्यातला एक धडा मला फार आवडतो. शिपाई पेटत्या मेणबत्तीवर नेम धरायचा. बंदुकीत गोळी नाही, दारू नाही, बोंडीवर नुसती टोपी. खटका ओढला की टोपीचा वायू नळीतून फुंकरीसारखा बाहेर पडायचा. नळी जागेवर राहिली असेल तर मेणबत्ती विझायची, खटक्यासरशी हलली असेल तर जळत राहायची. आज ट्रिगर दाबताना पिस्तुलाचं तोंड किती हललं हे संगणकाच्या पडद्यावर रेघेनं दाखवणारी महागडी यंत्रं आहेत. काम तेच.

एनफिल्डच्या काडतुसांवरून आपल्याकडं १८५७ मध्ये काय झालं ते सांगायला नको. त्या वर्षी ३१ जुलैला कोल्हापुरातही २७ व्या नेटिव्ह इन्फंट्रीच्या शिपायांनी उठाव केला. योगायोग असा, की त्याच १८५७ साली अमेरिकेत स्मिथ अँड वेसन कंपनीनं .२२ इंच व्यासाचं छोटं धातूचं काडतूस आणि ते उडवणारं रिव्हॉल्व्हर बाजारात आणलं. आपल्या विषयाचं मूळ या काडतुसात आहे. कल्पना त्याआधीची, फ्रान्सच्या फ्लोबेरची, १८४५ ची. धातूच्या पुंगळीच्या बुडाशी बाहेर आलेली कड असते. पेट घेणारं रसायन त्या कडेच्या आत भरायचं आणि पिननं कड चेपायची, की बार उडतो. याला रिमफायर म्हणतात. १८८७ मध्ये .२२ लाँग रायफल हे काडतूस आलं आणि आजही जगभर नेमबाज तेच वापरतात. काडतूस सुधारलं, पण पेटवायची रीत फ्लोबेरचीच राहिली.

आता रिकाम्या .२२ मध्ये काय घडतं ते जवळून पाहू. काडतुसाची कड टेकते चेंबरच्या, म्हणजे नळीत काडतूस बसतं त्या खोलीच्या, तोंडाच्या काठावर. पिन काडतुसाच्या मध्यावर बसत नाही, ती येते बरोबर या काठाच्या रेषेत. काडतूस असेल तर मऊ पितळ मध्ये येऊन मार झेलतं. नसेल, आणि पिनला आधी थांबवणारं काही नसेल, तर पिनचं टोक थेट चेंबरच्या काठावर बसतं. एकदा बसलं तर दिसणारही नाही. शेकडो वेळा बसलं की तिथं खाच पडते आणि खाचेतलं पोलाद चेंबरच्या आत सरकून बर, म्हणजे बारीक उंचवटा, येतो. नख फिरवलं तरी तो जाणवतो. पुढं काडतूस आत जाताना अडखळतं, रिकामी पुंगळी बाहेर निघताना चिकटते. शिवाय खाचेच्या जागी काडतुसाच्या कडेला पुढून आधार राहत नाही, त्यामुळं पिनचा ठोका हलका पडून मिसफायर होऊ लागतो. स्पर्धेत हे झालं तर नेमबाजाला वाटतं, गोळ्यांचा लॉटच खराब निघाला.

त्या माजी सैनिकानं सांगितलेली पिन तुटायची गोष्ट मात्र सेंटरफायरची आहे. १८६० च्या दशकात काडतुसाच्या बुडात मधोमध प्रायमर, म्हणजे पेट घेणाऱ्या रसायनाची छोटी वाटी, बसवायची रीत रुळली आणि चेंबरच्या काठाचा प्रश्न सुटला. पण त्या काळच्या रिव्हॉल्व्हरांत पिन म्हणजे घोड्याच्या नाकावरचं टोकच. दुनळी बंदुकांतल्या पिना आखूड आणि कडक. घोड्यामागची स्प्रिंग गुंडाळीची नव्हती, इंग्रजी व्ही अक्षरासारखी दुमडलेली पट्टी होती. या भागांना पाणी देण्याचं तंत्र कारागिराच्या नजरेवर चालायचं. कोल्हापूरच्या कारखानदारीच्या उद्यमनगरातल्या कोणत्याही हीट ट्रीटमेंटवाल्याला विचारा, जास्त कडक केलेला बारीक भाग झिजत नाही, तो एके दिवशी सरळ तुटतो. काडतूस असतं तेव्हा प्रायमरचा मऊ पत्रा पिनचा बराचसा जोर खातो. नसलं की तो सगळा जोर पिनच्या खांद्यावर नाही तर घोड्यावर येतो. म्हणून जुन्या इंग्रजी दुनळीबरोबर नकली काडतुसं ठेवायची शिस्त होती. राधानगरी, आजरा, चंदगडकडं शेतीरक्षणासाठी परवान्यावर बारा बोअर बाळगणारी घरं आहेत. गवे आणि रानडुकरं काही ऐकून घेत नाहीत. त्या बंदुका पुष्कळदा आजोबांच्या काळातल्या असतात आणि त्यांच्याबाबत 'रिकामा घोडा पाडू नको' हा सल्ला आजही शंभर टक्के लागू आहे. निवडणूक आली की त्या पोलीस ठाण्यात जमा होतात, तेव्हा चार हातांतून खटके वाजतात ते वेगळंच.

पिस्तुलाचं चित्र पालटलं ते अमेरिकी शस्त्ररचनाकार जॉन ब्राउनिंगमुळं. अमेरिकी लष्करानं १९११ मध्ये घेतलेल्या त्यांच्या पिस्तुलात पिन आपल्या बोगद्यापेक्षा आखूड आहे. घोडा पुढं येऊन टेकलेला असताना पिन प्रायमरपर्यंत पोचतच नाही. घोड्याच्या तडाख्यानं ती पुढं फेकली जाते, प्रायमरला ठोकते आणि स्प्रिंगच्या जोरावर मागं येते. रिकाम्या चेंबरमध्ये बराच जोर त्या स्प्रिंगमध्येच जिरतो. ब्राउनिंगच्याच आराखड्यावरून पुढं १९३५ चं हाय पॉवर आलं आणि आपल्या इशापूर रायफल फॅक्टरीचं ९ मिमी पिस्तूल त्याचीच आवृत्ती. लष्कर-पोलिसांत वर्षानुवर्षं हेच कमरेला. 'पिस्तुलाला काही होत नाही' या विश्वासाची पहिली वीट इथं बसली.

पण नवं म्हणजे निर्धास्त असं समीकरण तेव्हाही नव्हतं. चेकोस्लोव्हाकियाचं १९५२ चं सीझेड ५२ पिस्तूल ब्राउनिंगनंतर चार दशकांनी आलं, तरी त्याची मूळ पिन इतकी ठिसूळ की रिकामं झाडून तुटण्यासाठीच ती ओळखली जाते. त्याच देशातलं सीझेड ७५ जगातल्या चांगल्या पिस्तुलांपैकी एक. त्यात पिन अडवून धरणारी एक बारीक गुंडाळी-पिन असते. सततच्या ड्राय फायरचा मार तिच्यावर येतो आणि ती कापली जाते. पिस्तूल उत्तम, त्यातला चार आण्याचा भाग कच्चा. सांगायचा मुद्दा असा, की साल बघून उत्तर मिळत नाही. पिनला थांबवतं कोण हे बघावं लागतं.

१९८२ मध्ये ऑस्ट्रियाच्या लष्करानं ग्लॉक १७ घेतलं आणि वादाचा सूरच बदलला. या पिस्तुलात बाहेर घोडा नाही, आत स्ट्रायकर, म्हणजे स्प्रिंगनं थेट पुढं फेकली जाणारी पिन. सफाईसाठी वरचा स्लाइड काढायचा तर आधी ट्रिगर दाबावाच लागतो. म्हणजे ड्राय फायर केल्याशिवाय पिस्तूल उघडतच नाही. जी क्रिया निर्मात्यानंच रोजच्या वापरात घातली ती घातक कशी असेल, असा सरळ तर्क निघाला आणि तो बहुतांशी खराही आहे. तरीही रोज शेकड्यानं, महिनोन् महिने सराव करणाऱ्यांनी नकली काडतूस घालावं असं सांगणारे निर्माते आहेत. थोड्या ठोक्यांनी काही बिघडत नाही आणि लाखभर ठोके ही वेगळी गोष्ट, एवढंच त्यामागं आहे.

हा दिलासा कोल्हापूरच्या रेंजवर आणताना मात्र गफलत होते. तो आहे ९ मिमीच्या सेंटरफायर पिस्तुलांचा. आपल्याकडचं यश आहे .२२ चं. २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर रायफल प्रोनमध्ये (पालथं पडून नेम धरायचा प्रकार) जगज्जेती झालेली तेजस्विनी सावंत, २०१८ मध्ये इंडोनेशियात पालेम्बांगला २५ मीटर पिस्तूलमध्ये सुवर्ण जिंकून आशियाई स्पर्धेत नेमबाजीचं सुवर्ण मिळवणारी पहिली भारतीय महिला ठरलेली राही सरनोबत, २०२४ मध्ये पॅरिसहून कांस्य आणणारा कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, या तिघांच्याही स्पर्धा रिमफायरच्या. राहीच्या मागून २५ मीटरकडं वळणाऱ्या मुलींच्या हातात जे अद्ययावत पिस्तूल येतं, त्याच्या आतलं तत्त्व १८४५ चं असतं.

निर्मात्यांना हे ठाऊक आहे. वाल्थरनं जीएसपी या गाजलेल्या टार्गेट पिस्तुलासाठी ड्राय सरावाचा वेगळा ट्रिगर-संचच काढला. तो बसवला की खटका खरा, ठोका नाही. रुगरच्या .२२ पिस्तुलांत एक आडवी बारीक कडी पिनला काठाच्या अलीकडं रोखते, म्हणून ती रिकामी झाडता येतात. मात्र सफाईनंतर ती कडी परत बसवायची राहिली तर पिन थेट काठावर. अशी सोय नसेल तर वापरलेली पुंगळी चेंबरमध्ये घालायची आणि दर ठोक्याला थोडी फिरवायची, म्हणजे पिन न चेपलेल्या जागी पडते. कड सगळीकडून चेपली की पुंगळी बदलायची. दुकानात .२२ च्या धातूच्या डमी गोळ्या मिळतात, त्या घेताना वेष्टन वाचलेलं बरं. त्यातल्या काही फक्त पिस्तूल भरण्या-उतरवण्याच्या सरावासाठी असतात, ठोके खाण्यासाठी नाहीत.

सुरुवात करणाऱ्या पोरांच्या हातात अर्थात एअर पिस्तूल असतं. १९८८ च्या सोल ऑलिंपिकपासून १० मीटर एअर पिस्तूल आलं आणि गल्लीबोळांत क्लासांचं पेव फुटलं. इथं पिनच नाही. जुन्या स्प्रिंगच्या एअरगनमध्ये मात्र छरा न घालता खटका ओढणं वाईट. पुढं छऱ्याचा अडथळा नसल्यानं हवेची गादी तयार होत नाही आणि पिस्टन धाडकन नळकांड्याच्या टोकाला आदळतो. जत्रेतल्या फुगे फोडायच्या बंदुकीचं सील लवकर जातं, त्यात या रिकाम्या खटक्यांचा वाटा असतो. भरलेल्या सिलिंडरवर चालणाऱ्या आजच्या स्पर्धेच्या पिस्तुलांत हवा न सोडता ट्रिगर वाजवायची सोय केलेली असते. आंतरराष्ट्रीय नेमबाजी महासंघाच्या नियमांतही एअर पिस्तुलाच्या ड्राय फायरची व्याख्या हीच आहे : हवा न सुटता ट्रिगर चालावा. छरा नाही पण हवा सुटली, तर तो ड्राय फायर धरत नाहीत.

अमेरिकेतले नेमबाज या सगळ्याकडं जरा बेफिकिरीनं बघतात, त्याचं कारण तंत्रात कमी आणि बाजारात जास्त आहे. पिन तुटली तर नवी टपालानं घरी येते. आपल्याकडं शस्त्र कायदा १९५९ नुसार शस्त्राचे सुटे भागही शस्त्राच्या व्याख्येत येतात. परदेशी पिस्तुलाची पिन मागवायची म्हणजे कागदपत्रं आली आणि वाट बघणं आलं. उद्यमनगरात असे टर्नर आहेत की नमुना दाखवला तर संध्याकाळपर्यंत तशीच पिन काढून देतील, कदाचित मूळ पिनेपेक्षा सरस. पण शस्त्राचा भाग विनापरवाना बनवणं हा गुन्हा आहे, करणाऱ्यालाही आणि करवून घेणाऱ्यालाही तो महागात पडतो. राज्य स्पर्धा तोंडावर असताना पिन गेली की परवानाधारक शस्त्रदुरुस्तीवाल्याकडं चकरा मारण्याशिवाय हातात काही राहत नाही. म्हणून इथले जुने प्रशिक्षक .२२ चं पिस्तूल हातात देताना पहिल्यांदा चेंबर उघडून ते रिकामं असल्याचं डोळ्यानं आणि करंगळीनं तपासायला लावतात, गोळ्यांचा डबा दुसऱ्या खोलीत ठेवायला सांगतात, आणि मग वापरलेली एक पुंगळी पुढं करतात.