खडीत तण उगवतं तरी कशात?

गेटपासून पोर्चपर्यंत खडी टाकून घेताना ठेकेदाराने छातीठोकपणे सांगितलं होतं, "साहेब, खाली कापड अंथरतोय. दहा वर्षं गवताचं नाव काढायचं नाही." तिसऱ्या पावसाळ्यात चाकांच्या दोन रेघा तेवढ्या काळ्या उरल्या होत्या, मधला पट्टा हिरवागार. कापड फाडून तण वर आलं असणार, असं धरून एके ठिकाणी खडी उकरली. कापड शाबूत होतं. तण कापडाच्या वरच रुजलं होतं आणि मुळं वरून खाली जाऊन त्याच्या धाग्यांत अडकली होती. उपटायला गेलो तेव्हा कापड फाटलं, ते माझ्या हाताने.

तिथली दोन ओंजळी खडी बादलीत टाकून खळबळली. पाणी चहासारखं झालं. निवळल्यावर तळाशी बोटभर गाळ उरला. रस्त्यावरची धूळ, खडी घासून झालेली भुकटी, टायरला लागून आलेला चिखल आणि शेजारच्या जांभळाचा कुजलेला पाला. ठेकेदाराने खालच्या मातीचा बंदोबस्त केला होता. वरून येणाऱ्या मातीचा विचार त्यानेही केला नव्हता आणि मीही.

नवीन, धुतलेली वीस एमएमची खडी म्हणजे बियांसाठी वाळवंटच. दगडांमधल्या फटी इतक्या मोठ्या असतात की पाणी थांबतच नाही, खाली निघून जातं. खालच्या मुरमात जुनं बी असलं तरी त्याची शिदोरी लहान. अनेक तणांच्या बारीक बियांना रुजण्यासाठी उजेडाची खूणही लागते, आणि चार बोटं खडीखाली ती पोचत नाही.

पण खडी ही चाळणीसुद्धा आहे. धूळ आत जाते आणि बाहेर येत नाही. फटी बारीक कणांनी भरल्या की त्या कणांमधल्या सूक्ष्म पोकळ्या केशाकर्षणाने पाणी धरून ठेवतात. वरचे दगड मग झाकणाचं काम करतात. ऊन आणि वारा आतल्या मातीपर्यंत पोचत नाही. बारीक पोकळीतलं पाणी दगडांमधल्या मोठ्या फटीतून वर चढू शकत नाही, त्यामुळे ते उडूनही जात नाही. शेजारची उघडी जमीन दुपारपर्यंत सुकते, खडीखालची माती चार दिवस ओली राहते.

ही युक्ती शेतकऱ्यांना चांगली ठाऊक आहे. चीनमधल्या कोरड्या गान्सू प्रांतात शेतावर गोटे-वाळूचा थर पसरून कलिंगडं पिकवतात, आणि ही पद्धत काही शतकं जुनी आहे. कॅनरी बेटांपैकी लान्सारोतेवर १७३० ते १७३६ या काळात ज्वालामुखीचे उद्रेक झाले, शेतं काळ्या खडीखाली गाडली गेली. लोकांनी त्याच खडीत खड्डे करून द्राक्षवेली लावल्या. तिथे वर्षाला जेमतेम दीडशे मिलिमीटर पाऊस पडतो. आमच्या मावळात तेवढा कधीकधी एका दिवसात कोसळतो! एवढ्या पाण्यावर तण माजलं तर नवल काय?

आता उगवतं काय ते पाहू. एकदांडीचं बी केसाळ छत्री घेऊन वाऱ्यावर येतं. गाजर गवताचं बी चिखलातून, टायरला चिकटून येतं. एका झाडाला हजारो बिया धरतात, त्यामुळे फुलावर येण्याआधी ते उपटायलाच हवं (आणि हातमोजे घालून, त्वचेला वाईट खाज सुटते). हरळी काठावरच्या हिरवळीतून धुमारे सोडत सरकते. जुलैत आपण तिला शिव्या देत ओढतो आणि गणपतीत तिच्याच कोवळ्या दूर्वा शोधत फिरतो.

खरा वस्ताद लव्हाळा. पात धरून ओढली की 'टच्' असा बारीक आवाज होतो, पांढरा देठ हातात येतो आणि काम झाल्यासारखं वाटतं. गाठ मात्र जमिनीतच राहते. वैद्य तिला मुस्ता म्हणतात. नखाने खरवडली तर छान वासही येतो. अशा गाठी भूमिगत दोऱ्यांनी माळेसारख्या जोडलेल्या असतात. माळ अखंड असते तोवर शेंड्याकडची गाठ मागच्यांचे डोळे दाबून ठेवते. खुरप्याने माळ तोडली की एकेक गाठ स्वतंत्रपणे फुटते. चार दिवसांनी एकाच्या जागी तीन लव्हाळे दिसतात ते यामुळे.

घरगुती उपायांपैकी व्हिनेगरमधलं चार-पाच टक्के ॲसिटिक आम्ल पानं करपवतं. कोवळी रोपं त्याने मरतात, गाठीला पत्ता लागत नाही. उकळतं पाणीही तसंच. मिठाच्या मी पूर्ण विरोधात आहे. ते झाडाच्या मुळांतलं पाणी ओढतं हे खरं, पण पहिल्याच सरीत वाहून बाजूच्या आंब्याच्या मुळाशी जातं, आणि त्यातलं सोडियम काळ्या मातीची घडण बिघडवून टाकतं.

ग्लायफोसेट हे तणनाशक १९७४ मध्ये बाजारात आलं. ते पानांतून गाठीपर्यंत उतरतं आणि झाडाला तीन आवश्यक अमिनो आम्लं बनवू देत नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ते 'बहुधा कर्करोगकारक' या गटात टाकलं, आणि २०२२ मध्ये केंद्र सरकारने त्याचा वापर कीडनियंत्रण व्यावसायिकांपुरता मर्यादित करणारी अधिसूचना काढली. तो वाद बाजूला ठेवला तरी अंगणात ते फसतं. आज उभं असलेलं झाड मरतं, उद्या वाऱ्यावर येणाऱ्या बीला काही होत नाही. गाळ जागेवरच, शिवाय मेलेलं तण कुजून त्यात भर.

म्हणून मी आता तणापेक्षा गाळाच्या मागे लागलो आहे. पाला कुजायच्या आत, आठवड्याला झाडून काढतो. पावसाळ्यात उघडीप मिळाली की दाताळ्याने खडी वरखाली करतो. दोऱ्याएवढी पांढरी मुळं उन्हात उघडी पडली की तासाभरात मान टाकतात, वाकावं लागत नाही. मोठं तण वाफशावर, खुरपं खोल घालून गाठीसकट काढतो. कापड मी टाकून दिलं नाही. खडी मुरमात रुतू नये यासाठी ते चांगलंच आहे, फक्त ते तण अडवेल ही आशा सोडली.

यंदा एप्रिलमध्ये मधला पट्टा उचलून खडी चाळली, धुतली, परत पसरली. चार घमेली गाळ निघाला. इतकी काळी, भुसभुशीत माती टाकवेना, म्हणून कढीपत्त्याच्या कुंडीत घातली. आठव्या दिवशी कुंडीत कढीपत्त्याच्या बुंध्याशी तीन हिरव्या सुया वर आल्या होत्या. लव्हाळा.