व्हिडिओ गेम संगीताचे सामूहिक जॅझ संयोजन

व्हिडिओ गेमसाठी रचलेल्या धुनेचा स्वरसंवाद, लय व घाट जॅझच्या रीतीने नव्याने बांधून, उत्स्फूर्त वादनाला जागा ठेवून ती अनेक वादकांनी मिळून सादर करण्याची संगीतप्रथा. संयोजकाने लिहून दिलेला भाग आणि वादकांना ऐनवेळी सुचलेला भाग या दोन्हींतून रचना सिद्ध होते. त्यामुळे तिचे श्रेय एकट्या व्यक्तीकडे जाणे अवघड असते. मूळ धून नुसती वेगळ्या वाद्यांवर वाजवली, तर तिला जॅझ संयोजन म्हणत नाहीत. तसेच गेमसाठी मुळातच जॅझ म्हणून रचलेले संगीत (उदा., पीटर मॅकॉनेल यांचे ग्रिम फँडँगो, १९९८, क्रिस्टोफर मॅडिगन यांचे कपहेड, २०१७) हा स्वतंत्र विषय आहे.

मूळ द्रव्य : या प्रथेत वारंवार हाताळल्या जाणाऱ्या धुनांपैकी बऱ्याच १९८० च्या दशकातील आहेत आणि त्यांची घडण त्या वेळच्या ध्वनिचिपांनी ठरवलेली आहे. निन्टेंडो कंपनीच्या फॅमिकॉम (१९८३) या यंत्रातील रिको २ए०३ चिपवर पाच वाहिन्या होत्या : दोन स्पंदतरंगांच्या, एक त्रिकोणी तरंगाची, एक निव्वळ खरखरीची आणि एक जुजबी प्रतीचे ध्वनिनमुने वाजवणारी. सामान्यतः पहिल्या वाहिनीवर धून, दुसरीवर जोडसूर, त्रिकोणी वाहिनीवर बेस आणि खरखरीवर ठेका अशी वाटणी असे. त्रिकोणी वाहिनीचा आवाज कमीजास्त करण्याची सोय नव्हती. नमुन्यांची वाहिनी वगळता एका क्षणी फार तर तीनच सूर उमटू शकत. खेळताना उडीचा किंवा नाण्याचा आवाज आला, की तेवढ्यापुरती एखादी वाहिनी संगीतातून काढूनही घेतली जाई. चार सुरांची सेव्हंथ कॉर्ड (कॉर्ड म्हणजे एकत्र वाजणारे सूर) एकाच वेळी वाजवणे त्यामुळे शक्य नव्हते. रचनाकार कॉर्डचे सूर अतिजलद एकापाठोपाठ एक वाजवून तिचा भास निर्माण करत किंवा दोन-तीन सुरांतून ती केवळ सूचित करत.

ही उणीव म्हणजेच संयोजकाचे भांडवल. बेसमध्ये सी आणि वर ई व ए (पाश्चात्त्य सुरांची अक्षरनावे) एवढेच सूर असतील, तर ती सी सिक्स्थ मानावी की ए मायनर सेव्हंथ, हे मूळ ध्वनीत ठरलेले नसते; ते आधीच्या व पुढच्या मापांवरून (लयीच्या ठरावीक खंडांवरून), आणि शेवटी संयोजकाच्या कानावरून ठरते. कोजी कोंडो यांच्या सुपर मारिओ ब्रदर्स (१९८५) या गेममधील जमिनीवरील टप्प्याची धून याचे उत्तम उदाहरण आहे. सी मेजरमधील या धुनेच्या मधल्या भागात बेस ए फ्लॅट, बी फ्लॅट व सी असा चढतो आणि त्याच वेळी वरची सुरावट ई फ्लॅट, डी, सी अशी उतरते. मायनर स्वरसप्तकातून उसन्या घेतलेल्या या कॉर्डमालिकेला अभ्यासक ‘मारिओ कॅडेन्स’ म्हणतात. बी फ्लॅटच्या कॉर्डमध्ये एक सेव्हंथ मिसळली, की तीच मालिका जॅझवादकांच्या अंगवळणी पडलेल्या ‘बॅकडोअर’ (येथे बी फ्लॅट सेव्हंथवरून सी मेजरवर येण्याच्या) समाप्तीत जाऊन बसते. वरच्या सुरावटीतला एकही सूर त्यासाठी हलवावा लागत नाही. धून जॅझमध्ये ‘बसवली’ असे म्हणण्यापेक्षा तिच्यात जे अर्धे बोललेले होते ते पुरे केले, असे म्हणणे येथे अधिक योग्य ठरते.

सुपर फॅमिकॉम (१९९०) या पुढच्या यंत्रात एकाच वेळी आठ ध्वनी व ६४ किलोबाइट ध्वनिस्मृती मिळाली. कॉर्ड बऱ्याच पूर्ण वाजू लागल्या आणि संयोजकाची मोकळीक स्वरसंवादाकडून लय व वाद्ययोजनेकडे सरकली. मूळ सूर टिपून घेण्यासाठी संयोजक गेममधून वेगळ्या काढलेल्या ध्वनिफायली वापरतात; त्यांत एकेक वाहिनी बंद करून उरलेल्या स्वतंत्र ऐकता येतात.

घाट : गेमची धून सहसा संपत नाही. खेळाडू त्या टप्प्यात असेतोवर ती आवर्तनाने वाजत राहते आणि तिची शेवटची मापे पहिल्या मापाकडे बेमालूम नेऊन सोडतात. जॅझमध्ये एका आवर्तनाच्या शेवटी पुढच्याकडे वळवणाऱ्या ‘टर्नअराउंड’चे काम नेमके हेच असते. त्यामुळे धून, त्याच कॉर्डमालिकेवर एकेकाचा सोलो (एकट्याचे उत्स्फूर्त वादन) आणि पुन्हा धून हा जॅझचा रुळलेला आराखडा येथे विनासायास लागू पडतो. पेच येतो तो सुरुवात आणि शेवट यांचा, कारण हे दोन्ही मुळात नसतात किंवा अगदी तोकडे असतात, आणि ते संयोजकालाच रचावे लागतात. आवर्तन फार लांब, अनेक भागांचे असेल, तर सोलोसाठी त्यातील एखादाच भाग निवडतात. उलट द लेजंड ऑफ झेल्डा : ओकारिना ऑफ टाइम (१९९८) मधील ओकारिनाच्या धुना डी, एफ, ए, बी व वरचा डी एवढ्या पाचच सुरांवर उभ्या आहेत. असा तुटपुंजा आकृतिबंध मोडल (कॉर्ड फारशा न बदलता एकाच स्वरावलीवरील) सोलोसाठी विशेष सोयीचा पडतो.

उगम : या प्रथेचा आरंभ कोठे मानावा याविषयी एकमत नाही. मतभेदाचे मूळ बरेचसे ‘जॅझ’ आणि ‘सामूहिक’ या दोन अटी किती कसून लावायच्या यात आहे. जपानी संगीतकार हारुओमी होसोनो यांच्या देखरेखीखाली १९८४ मध्ये जपानमध्ये निघालेली, नामको कंपनीच्या गेमसंगीताची व्हिडिओ गेम म्युझिक ही तबकडी सामान्यतः गेमसंगीताचा पहिला संग्रह मानली जाते. गेमची धून गेमबाहेर ऐकण्याजोगी आहे, हे तिने दाखवले. परंतु तिचे वळण टेक्नोपॉपचे (इलेक्ट्रॉनिक वाद्यांवरील पॉप संगीताचे) असल्याने जॅझच्या इतिहासात तिला पूर्वपीठिकेपलीकडे स्थान देणे कठीण आहे. कोइची सुगियामा यांच्या ड्रॅगन क्वेस्ट (१९८६) मधील संगीताचे वाद्यवृंदीय प्रयोग १९८७ पासून झाले. त्यांची दिशा अभिजात पाश्चात्त्य संगीताची होती.

दुसरे मत सेगा कंपनीच्या एस.एस.टी. बँडकडे बोट दाखवते. १९८० च्या दशकाच्या अखेरीस उदयास आलेल्या या वाद्यसमूहात कंपनीचे रचनाकार हिरोशी कावागुची यांच्यासह प्रत्यक्ष गेमसंगीत निर्माण करणारी मंडळी वाजवत. आउट रन (१९८६) सारख्या गेमच्या धुना गिटार, की-बोर्ड, बेस व ड्रम्स यांवर फ्यूजनच्या (जॅझ व रॉक यांच्या मिश्रणाच्या) अंगाने सादर होत. टाइटो कंपनीचा झुन्टाटा हा त्याच काळातील आणखी एक समूह. फ्यूजन ही जॅझची शाखा मानली, तर आरंभाचा मान या समूहांकडे जातो. ती रॉककडे झुकलेली मानणारे अभ्यासक मात्र क्रोनो ट्रिगर (१९९५) या गेमच्या संगीताचा, त्याच वर्षी निघालेला द ब्रिंक ऑफ टाइम हा अ‍ॅसिड जॅझ (नृत्यसंगीताच्या ठेक्यांत मिसळलेला जॅझ) संग्रह पुढे करतात. पितळी सुषिरवाद्यांच्या पूर्ण ताफ्याचा आग्रह धरणाऱ्यांना २००३ साली टोकियोत झालेल्या मारिओ व झेल्डाच्या धुनांच्या बिग बँड (मोठ्या जॅझ वाद्यवृंदाच्या) मैफलीपर्यंत थांबावे लागते.

या मतांपैकी दुसरे मत अधिक ग्राह्य वाटते आणि त्याचे कारण समूहांच्या कालक्रमापेक्षा धुनांच्याच घडणीत आहे. कॅसिओपिया व द स्क्वेअर (पुढे टी-स्क्वेअर) हे जपानी फ्यूजन समूह १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात स्थापन झाले, आणि गेमसंगीत रचणारी पहिली पिढी वयात आली तेव्हा हे संगीत तिच्या कानावर होते. पुढे सरकवलेले आघात, नाइन्थ कॉर्ड, बेसची धावती सुरावट ही त्या शैलीची लक्षणे अनेक गेमधुनांत दिसतात. यामाहाच्या वायएम२१५१ या आठ ध्वनींच्या एफएम (तरंगांच्या वारंवारतेत फेरफार करून ध्वनी घडवणाऱ्या) चिपवर रचलेल्या आर्केड (नाणे टाकून खेळायच्या यंत्रांवरील) संगीतात तर ती सहज कानी पडतात. मारिओची धून आणि फ्यूजनमधील विशिष्ट रचना यांतील साधर्म्य काही श्रोत्यांनी मांडले आहे. त्यावरून थेट उचल सिद्ध होत नाही, समान वातावरण तेवढे सिद्ध होते. पण तेवढेही पुरेसे आहे. जॅझ या धुनांवर बाहेरून लादला गेला, ही समजूत त्यामुळे टिकत नाही. पुष्कळ वेळा संयोजक धुनेला तिच्या जुन्याच ओळखीच्या घरी परत नेत असतो.

हौशी संगीतकारांची परंपरा याला समांतर वाढली. डेव्हिड लॉइड यांनी १९९९ मध्ये सुरू केलेल्या ओव्हरक्लॉक्ड रीमिक्स या संकेतस्थळाभोवती संयोजकांचा मोठा गोतावळा जमला. २००३ पासून एकाच गेमवर अनेकांनी मिळून संग्रह काढण्याचा पायंडा तेथे पडला. सगळे संयोजन अर्थातच जॅझ नव्हते. परंतु एकमेकांना प्रत्यक्ष न भेटता संगीत घडवण्याची कार्यपद्धती तेथे रुजली.

सहनिर्मितीची रीत : एका खोलीत बसून वाजवणाऱ्या समूहाची रीत जॅझच्या इतर समूहांहून वेगळी नाही. वेगळेपण येते ते दूरस्थ सहनिर्मितीत. इंटरनेटवरून एकाच वेळी वाजवायचे, तर आवाज पोचण्यातील विलंब आड येतो. हा विलंब साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांच्या वर गेला, की वादक एकमेकांसाठी थांबू लागतात आणि लय मंदावते. हवेतून आवाज जाण्याचा वेग ध्यानात घेता, २५ मिलिसेकंद म्हणजे रंगमंचावर सुमारे साडेआठ मीटर अंतरावर उभे राहण्यासारखे आहे. म्हणून बहुतेक सामूहिक रचना थराथराने ध्वनिमुद्रित होतात. संयोजक संगणकावर मार्गदर्शक ट्रॅक व क्लिक (लय धरून ठेवणारा टकटक आवाज) तयार करतो, त्यावर प्रत्येक वादक आपापल्या ठिकाणी आपला भाग वाजवून फाइल पाठवतो आणि शेवटी कोणी एक जण मिक्सिंग करतो.

जॅझच्या दृष्टीने यातील खरी अडचण संवादाची आहे. सोलो वाजवणाऱ्याने टाकलेल्या वाक्याला ड्रमवादकाने तत्क्षणी उत्तर द्यावे, ही या संगीताची मूळ अपेक्षा. थराथराच्या ध्वनिमुद्रणात ड्रम्स आधीच वाजून गेलेले असतात. त्यावर अनुभवी संयोजक क्रम बदलण्याचा उपाय करतात. आधी साधा, मोकळ्या जागा सोडलेला ठेका घेतात, त्यावर सोलो घेतात आणि सोलो ऐकून ड्रम्स व पियानो पुन्हा नव्याने वाजवून घेतात. दुसऱ्या सोलोवाल्याला पहिल्याची फाइल आधी मिळाली, तर तो तिच्या शेवटच्या वाक्यातूनच आपली सुरुवात उचलू शकतो. हे उपाय कष्टाचे आहेत. ते टाळलेली रचना कितीही सफाईदार असली, तरी एकमेकांना ऐकत नसलेल्या माणसांची वाटते. थर चढवून केलेले ध्वनिमुद्रण म्हणजे जॅझच नव्हे, हा आक्षेप मात्र इतिहासाला धरून नाही. सिडनी बेशे यांनी १९४१ मध्येच एकट्याने सहा वाद्ये थराथराने वाजवून ध्वनिमुद्रण केले होते.

स्विंगची लय (मात्रेचे दोन भाग लांब-आखूड वाजवण्याची जॅझची रीत) हा दुसरा नाजूक भाग. संगणकावरील मार्गदर्शक ट्रॅकमध्ये या लांब व आखूड भागांचे प्रमाण बहुधा २ : १ असे ठोकून बसवलेले असते. प्रत्यक्ष ड्रमवादक मंद गतीत हे अंतर त्याहून वाढवतात, तर द्रुत गतीत दोन्ही भाग जवळजवळ समान होत जातात, असे मोजमापांतून दिसून आले आहे. मार्गदर्शक ट्रॅकच्या साच्याला काटेकोर चिकटणारा सॅक्सोफोन आणि आपल्या अंगाने वाजवणारा ड्रमवादक यांची प्रत्येक माप समेवर मिळूनही आतून जुळणी होत नाही. मार्गदर्शक ट्रॅकऐवजी खऱ्या ड्रम्स व बेसचे ध्वनिमुद्रण आधी करून तेच सर्वांना पाठवणे हा यावरचा खात्रीचा मार्ग. काही क्षणांच्या सोयीसाठी तो डावलला जातो, ही खेदाची बाब आहे.

बिग बँडसाठी लेखन करताना संयोजकाला पाचेक वाहिन्यांचे संगीत साधारण १७ वादकांत वाटावे लागते : पाच सॅक्सोफोन, चार ट्रम्पेट, चार ट्रॉम्बोन व चार जणांचा लयविभाग (पियानो, गिटार, बेस व ड्रम्स). त्रिकोणी वाहिनी डबल बेसकडे व खरखर ड्रम्सकडे सहज जाते. उरलेल्या दोन स्पंदतरंगांच्या वाहिन्यांमधून १३ सुषिरवाद्यांचा भरणा करणे हे खरे कसब होय. धुनेखाली चार सुरांचा दाट पुंजका लावणे आणि त्यातील वरून दुसरा सूर एक सप्तक खाली टाकणे या जुन्या युक्त्या येथेही चालतात.

मान्यता व हक्क : ब्रॉडवेवरील (न्यूयॉर्कच्या नाट्यक्षेत्रातील) संयोजक चार्ली रोझेन यांच्या द एट-बिट बिग बँडने सादर केलेल्या ‘मेटा नाइट्स रिव्हेंज’ या रचनेला २०२२ मध्ये वाद्यसंयोजनाचे ग्रॅमी मिळाले, रोझेन यांच्यासह जेक सिल्व्हरमन तिचे सहसंयोजक होते. मूळ धून कर्बी सुपर स्टार (१९९६) या गेममधील. मारिओची धून २०२३ मध्ये अमेरिकेच्या लायब्ररी ऑफ काँग्रेसच्या राष्ट्रीय ध्वनिमुद्रण नोंदवहीत दाखल झाली. त्या नोंदवहीतील ते पहिले गेमसंगीत होय.

धुनेचा हक्क मूळ हक्कधारकाकडेच राहतो. अमेरिकी स्वामित्वहक्क कायद्याच्या कलम ११५ नुसार, एकदा प्रसिद्ध झालेल्या रचनेचे नवे ध्वनिमुद्रण ठरावीक मानधन देऊन अनिवार्य परवान्याखाली करता येते. आपल्या सादरीकरणाच्या शैलीला आवश्यक तेवढे संयोजनही त्यात बसते, परंतु मूळ सुरावट व रचनेची मूलभूत प्रकृती बदलण्याची मुभा नाही. कॉर्ड सर्वस्वी बदलून टाकणारे संयोजन या मर्यादेत किती बसते, हा वादाचा मुद्दा आहे. चित्रफितीसोबत संगीत जोडण्यासाठी वेगळी परवानगी लागते. गेम बॉयवरील टेट्रिसच्या (१९८९) सर्वपरिचित धुनेचे प्रकरण निराळे : ती कोरोबेइनिकी हे १९ व्या शतकातील रशियन गीत असल्याने मूळ सुरावटीवर कोणाचाही हक्क उरलेला नाही. गेमसाठी हिरोकाझु तानाका यांनी केलेले संयोजन मात्र स्वतंत्र कृती ठरते, आणि संयोजकाने त्या संयोजनावरून नव्हे, तर थेट गीतावरून काम केले असेल, तरच ही मोकळीक त्याला मिळते.