खुलासा : परिस्थितिकीच्या पदवीधरांसाठी केवळ प्राध्यापकी आणि वनखातेच?

परिस्थितिकी (सजीव आणि त्यांचा परिसर यांच्यातील संबंधांचा अभ्यास) किंवा उत्क्रांतीशास्त्र शिकलेल्यांना प्राध्यापकी नाहीतर वनखाते, एवढेच मार्ग असतात, ही समजूत चुकीची आहे. मुळात भारतीय वन सेवेची परीक्षा गणिताचे किंवा अभियांत्रिकीचे पदवीधरही देऊ शकतात. ती या विषयाची राखीव जागा नव्हे.

केंद्र सरकारच्या 2006च्या अधिसूचनेनुसार मोठ्या खाणी, धरणे, महामार्ग यांसारख्या प्रकल्पांना पूर्वपरवानगीसाठी पर्यावरणीय आघाताचे मूल्यांकन करून घ्यावे लागते आणि ते करणाऱ्या मान्यताप्राप्त सल्लागार संस्थांना परिस्थितिकी व जैवविविधतेचे तज्ज्ञ लागतातच. (सल्लागाराचे शुल्क प्रकल्पधारकच भरतो, त्यामुळे या कामात कणा ताठ ठेवणे सोपे नाही.) 2002च्या जैविक विविधता कायद्याखाली स्थानिक समित्यांनी लोकजैवविविधता नोंदवह्या (म्हणजे परिसरातील सजीवांच्या नोंदी) तयार करायच्या असतात, तिथेही वनस्पती-प्राणी ओळखणाऱ्यांची गरज भासते, मात्र अशी कामे बहुधा अल्पमुदतीची असतात.

उत्क्रांतीशास्त्राचा उपयोग तर थेट आरोग्यक्षेत्रात होतो : डिसेंबर 2020मध्ये स्थापन झालेल्या ‘इन्साकॉग’ या प्रयोगशाळांच्या जाळ्याने करोना विषाणूच्या बदलत्या रूपांवर नजर ठेवली, आणि अशा रूपांची वंशावळ मांडणे हे उत्क्रांतीशास्त्राचेच काम आहे. संख्याशास्त्र, संगणकीय विश्लेषण आणि उपग्रहाधारित नकाशांचे ज्ञान असेल, तर विदाविश्लेषणाची (डेटा अ‍ॅनालिसिसची) दारेही उघडतात.