हवाई दलात पायलट व्हायचंय? फॉर्म भरण्याआधी टेप घ्या

भिंतीला पाठ टेकून जमिनीवर बसा, पाय सरळ पसरा आणि भिंतीपासून टाचेपर्यंत मोजा. हे माप 99 ते 120 सेंमीच्या बाहेर गेलं, तर लेखी परीक्षेत कितीही मार्क पडोत, भारतीय हवाई दलाची फ्लाइंग ब्रँच मिळत नाही. उंची किमान 162.5 सेंमी, बसल्यावरची उंची 81.5 ते 96, मांडीची लांबी जास्तीत जास्त 64. डोळ्यांना मायनस नंबर चालत नाही आणि रंग अचूक ओळखता यायला हवेत. क्लासची फी भरायच्या आधी एकदा डोळ्यांच्या डॉक्टरकडे जाऊन या.

माप बसलं की वाट निवडा. बारावीला फिजिक्स, केमिस्ट्री आणि मॅथ्स असेल, वय साडेसोळा ते साडेएकोणीस असेल, तर यूपीएससीची एनडीए (नॅशनल डिफेन्स अकॅडमीची प्रवेश परीक्षा). मुलींनाही ती खुली आहे. पदवीनंतर सीडीएस (यूपीएससीची तिन्ही दलांसाठीची परीक्षा) किंवा एएफकॅट (हवाई दलाची स्वतःची परीक्षा), वय 20 ते 24. एएफकॅटला पदवीत 60 टक्के आणि बारावीच्या फिजिक्स, मॅथ्समध्ये प्रत्येकी 50 टक्के लागतात. चालू कमर्शियल पायलट लायसन्स असेल तर वय 26 पर्यंत चालतं. एनसीसी एअर विंगचं सी सर्टिफिकेट असलेल्यांना लेखी परीक्षा न देता थेट मुलाखतीची वाट आहे. ती फार जणांना माहीतच नसते.

लेखी पास झालात की सिलेक्शन बोर्ड, म्हणजे हवाई दलाची मुलाखत आणि चाचण्या. तिथली खरी कसोटी सीपीएसएस, म्हणजे पायलट निवडण्याची कॉम्प्युटरवरची चाचणी. पायाखाली पेडल, हातात स्टिक, स्क्रीनवर पळणारा ठिपका मधोमध धरायचा आणि मध्येच लागणारे दिवे, आवाजही बंद करायचे. ही चाचणी आयुष्यात एकदाच देता येते. नापास झालात तर पायलटचं दार कायमचं बंद. त्यामुळे रात्रभर प्रवास करून, झोपमोड झालेल्या अंगाने तिथे पोचू नका.

कागदपत्रांत घोळ होतो तो नावाचा. दहावीचं सर्टिफिकेट, आधार आणि अर्ज, तिन्हींवर स्पेलिंग आणि जन्मतारीख एकच हवी; दुरुस्ती करायची तर अर्जाआधीच. सगळ्या मार्कशीट मूळ प्रतींसह न्या. शेवटच्या वर्षाला असाल तर बॅकलॉग नसल्याचा कॉलेजचा दाखलाही घ्या.

बोर्डाने शिफारस केली की मेडिकल दिल्लीत किंवा बंगळुरूत होतं. त्यात फिट ठरलात तरी बोलावणं नक्की नाही. जागा असतील तेवढीच नावं मेरिट लिस्टमधून घेतात.