मसल कारची इग्निशन व वायरिंग दुरुस्ती

मध्यम आकाराच्या, साधारण घरगुती गाडीत मोठे व्ही-८ इंजिन बसवून अमेरिकी कंपन्यांनी १९६० च्या दशकात ज्या वेगवान गाड्या विकल्या, त्यांना मसल कार म्हणतात. क्रायस्लर समूहाच्या डॉज चार्जर व प्लिमथ रोड रनर या त्यांतल्या नामांकित गाड्या. यांची इंजिने दणकट आहेत. आज त्या अडतात ते बरेचदा ठिणगीपाशी नाहीतर वायरिंगपाशी, आणि दोष सहसा किरकोळ असतो. म्हणून सुटे भाग मागवण्याआधी मीटर लावून पाहणे, हाच या दुरुस्तीचा पाया आहे.

या गाड्यांचे इग्निशन, म्हणजे ठिणगी देणारी यंत्रणा, पॉइंटचे असते; पॉइंट म्हणजे उघडझाप करून प्रवाह तोडणारे दोन संपर्क. मूळ रचना चार्ल्स केटरिंग यांची; १९१० च्या कॅडिलॅकमध्ये ती आली. पद्मिनी किंवा ॲम्बॅसेडरचे पॉइंट ज्यांनी हाताळले आहेत त्यांना ती परकी वाटणार नाही. डिस्ट्रिब्यूटरमधल्या (प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणाऱ्या भागातल्या) कॅममुळे, म्हणजे फिरत्या कोनदार दांड्यामुळे, पॉइंट उघडतात, कॉइलमधला प्रवाह तुटतो आणि हजारो व्होल्टची ठिणगी प्लगवर पडते. मिनिटाला ६,००० फेऱ्यांवर व्ही-८ इंजिनात हे सेकंदाला ४०० वेळा घडते, त्यामुळे पॉइंट झिजणारच. पॉलिश पेपर मारून गाडी घरापर्यंत येते, पण तो कायमचा इलाज नव्हे. एका पॉइंटवर उंचवटा आणि समोरच्यावर खड्डा दिसला तर कंडेन्सर (पॉइंटवर ठिणगी उडू न देणारा भाग) तपासावा. रबिंग ब्लॉक (पॉइंटचा कॅमला घासणारा भाग) कॅमच्या टोकावर आणून फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) ०.०१४ ते ०.०१९ इंच गॅप ठेवतात आणि कॅमला किंचित ग्रीस लावतात. टायमिंग, म्हणजे ठिणगी पडण्याची वेळ, त्यानंतरच लावावे, कारण गॅप बदलला की टायमिंगही सरकते.

फायरवॉलवरचा (इंजिन व केबिनमधल्या पत्र्यावरचा) चिनी मातीचा बॅलास्ट रेझिस्टर, म्हणजे कॉइलचा प्रवाह कमी करणारा रोधक, हा हमखास चकवणारा भाग. सेल्फ मारताना कॉइलला बॅटरीचा पूर्ण विद्युतदाब थेट मिळतो. किल्ली सोडली की प्रवाह या रेझिस्टरमधून जातो. तो जळाला असेल तर इंजिन सेल्फवर पेट घेते आणि किल्ली सोडताच बंद पडते. अनेक जण अशा वेळी कार्ब्युरेटर उघडून बसतात.

खरा धोका डॅशबोर्डमागे आहे. अल्टरनेटरचा चार्जिंग प्रवाह फायरवॉलवरच्या कनेक्टरमधून आत येतो, अँपिअरमापकातून जातो आणि त्याच कनेक्टरच्या दुसऱ्या पिनेतून बॅटरीकडे परततो. पन्नास वर्षांच्या गंजाने या कनेक्टरच्या पिना सैल होतात, तापतात, आणि भोवतीचे प्लास्टिक तपकिरी होऊन वितळते. हेडलाइट मंद होणे, मापकाचा काटा थरथरणे ही पूर्वसूचना. बॅटरीची वायर काढून कनेक्टर सुटा करावा. रंग बदललेली प्रत्येक पीन बदलावी, नुसती घासू नये. अल्टरनेटरपासून बॅटरीपर्यंत जाड वायर थेट टाकण्याचीही पद्धत आहे, मात्र तिला फ्यूजिबल लिंक (जास्त प्रवाह आल्यास वितळून तुटणारी वायर) हवीच. कारखान्यातले मूळ रूप जपणाऱ्यांना हा बदल रुचत नाही. परंतु गाडी रोज चालवायची असेल तर आगीचा धोका पत्करण्यात अर्थ नाही.

सुटे भाग घेताना साल पाहावे. १९६९ पर्यंत यांत्रिक रेग्युलेटर (चार्जिंगचे व्होल्टेज आवरणारा भाग) होता. १९७० पासून इलेक्ट्रॉनिक आला आणि अल्टरनेटरच्या फील्डची (चुंबकत्व देणाऱ्या वेटोळ्याची) जोडणीही बदलली. दोन्ही पिढ्यांचे भाग मिसळले की चार्जिंग बिघडते. रेग्युलेटरला बॉडीचे अर्थिंग नीट नसेल तर नवा भागही चुकीचे व्होल्टेज देतो. तिथला रंग खरवडून धातू उघडा करावा लागतो.

प्लग वायरींचा क्रम, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-८-४-३-६-५-७-२. मात्र ३८३ व ४४० इंजिनांत (आकडे घनइंचांतल्या आकारमानाचे) रोटर, म्हणजे डिस्ट्रिब्यूटरमधला फिरता हात, घड्याळाच्या उलट, तर ३१८ व ३४० मध्ये सुलट फिरतो. पाच आणि सात क्रमांकाचे सिलिंडर शेजारी असून लागोपाठ पेटतात, म्हणून त्यांच्या वायरी समांतर बांधू नयेत. एकीतून दुसरीत विद्युतदाब प्रेरित होऊन सातवा सिलिंडर अवेळी पेटू शकतो.

१९७३ पासून क्रायस्लरने अमेरिकेतल्या आपल्या सर्व गाड्यांत इलेक्ट्रॉनिक इग्निशन दिले. जुन्या गाडीतही ते बसते, आणि गॅपची कटकट संपते. बॅलास्ट, कनेक्टर व अर्थिंग मात्र तेव्हाही तपासावेच लागतात.